तळ्याकाठची वाणी : शिवयोगी सिद्धरामेश्वर

मकरसंक्रांत जवळ आली की आमच्या मैंदर्गीच्या शिवारात शाळू हुरड्यात येतो. पहाटेच्या धुक्यात कणसांवर दव साचलेले असते, करडईच्या पिवळ्या फुलांवर कोवळे ऊन उतरते आणि घरोघरी भोगीच्या भाजीसाठी पावटा, वांगी, गाजरे, हरभऱ्याचे घाटे यांची निवडानिवड सुरू होते. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापले जातात. आमच्याकडे या भाकरीला कोणी भाकरी म्हणतात, कोणी रोट्टी म्हणतात; परातीतले पीठ मात्र एकच असते. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेले आमचे हे गाव. ओसरीवर मराठी आणि माजघरात कानडी, अशी येथील अनेक घरांची जुनी रीत. देवघरात पांडुरंगाची तसबीर आणि तिच्याच शेजारी शिवलिंग. सण आला की दोन्ही भाषा देवापुढे हात जोडून उभ्या राहतात.

याच दिवसांत गावातील माणसे सोलापूरच्या वाटेला लागतात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागत असे, आता मोटारी धावतात. परंतु जाण्याचे कारण बदललेले नाही. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांची यात्रा, जिला सारे लोक प्रेमाने गड्ड्याची यात्रा म्हणतात, ती संक्रांतीच्या सुमारास भरते. या पुण्यपर्वकाळी त्या शिवयोग्याच्या चरित्राचे आणि त्याने मागे ठेवलेल्या वाणीचे स्मरण करावे, म्हणून हा लेखनप्रपंच आम्ही मांडला आहे. यात्रेत नंदीध्वज पाहून धन्य होणारे पुष्कळ आहेत. पण ज्या पुरुषाच्या नावाने ते नंदीध्वज उभे राहतात, तो पुरुष कसा जगला, त्याने काय केले आणि काय गायिले, हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही.

मुका वाटणारा गुराखी

काळ बाराव्या शतकाचा. आजच्या सोलापुराचे नाव तेव्हा सोन्नलगी असे होते. हा प्रदेश कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत असे आणि त्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरी घराण्याचे ठाणे आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याला होते. सोन्नलगीत मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी हे शेतकरी दांपत्य राहत असे. घरी धान्य होते, गुरे होती. परंतु उतारवयापर्यंत पोटी संतान नव्हते. रेवणसिद्ध या थोर आचार्यांनी सुग्गलादेवीच्या पोटी एक शिवयोगी जन्मास येईल असे भाकीत केले आणि त्याप्रमाणे हे बालक जन्मले, असे परंपरा सांगते.

बाळ जन्मले खरे, पण त्याची लक्षणे लौकिकाहून वेगळी होती. ते इतर मुलांसारखे रडत नसे, हट्ट करीत नसे, खेळत नसे. बोलण्याच्या वयात ते गप्प बसून राही. आप्तेष्टांनी मूल मंद आहे असे ठरवून टाकले. कोणत्याही आईच्या काळजाला घरे पाडील असाच तो निवाडा होता. शेवटी आईबापांनी त्याला गुरे राखण्याच्या कामास लावले. माळावर गुरे चरत आणि हा मुलगा माती, दगड, पाने, फुले गोळा करून शिवपूजा मांडून बसे. घरात मुका वाटणारा हा मुलगा रानात मुका नव्हता, एवढेच म्हणावयाचे.

या चरित्राचा सर्वांत जुना विस्तृत आधार म्हणजे राघवांक या कन्नड महाकवीने तेराव्या शतकात लिहिलेले सिद्धराम चरित्र. सिद्धरामेश्वरांच्या समाधीनंतर फार काळ लोटण्यापूर्वीच हे काव्य लिहिले गेले. त्यातील जो प्रसंग सोलापुरी माणसाच्या काळजात घर करून बसला आहे, तो हुरड्याचा.

एके दिवशी रानात एक जंगम आला. त्याने आपले नाव मल्लय्या, आपण श्रीशैलाहून आलो, असे सांगितले. गुराखी मुलाने त्याला शेतातील कोवळी कणसे भाजून हुरडा खाऊ घातला. पाहुण्याने हुरडा खाल्ला आणि पोटात आग पडली, दहीभात मिळाल्यास बरे वाटेल, असे म्हटले. आयुष्यात ज्याने कधी काही मागितले नव्हते तो मुलगा धावत घरी आला आणि त्याने आईपाशी दहीभात मागितला. ज्या मुलाच्या तोंडून शब्द ऐकण्यासाठी ती माउली वर्षानुवर्षे झुरली होती, त्याने तोंड उघडले ते दुसऱ्याची भूक भागविण्यासाठी. आमच्या मते साऱ्या चरित्राचे बीज येथेच आहे.

मुलगा भात घेऊन रानात परतला, तो मल्लय्या तेथे नव्हता. त्याने सारे रान पालथे घातले, हाका मारल्या. वाटेने श्रीशैलाकडे निघालेले यात्रेकरू भेटले. मल्लय्याला आम्ही दाखवितो, असे त्यांनी सांगितले आणि हा मुलगा त्यांच्या मागे चालू लागला. कृष्णेच्या काठावर, आजच्या आंध्र प्रदेशात असलेल्या त्या पर्वतावर पोहोचल्यावर यात्रेकरूंनी त्याला मल्लिकार्जुनाचे लिंग दाखविले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला दगडातला देव नको होता; भुकेला राहून निघून गेलेला त्याचा पाहुणा हवा होता. मल्लय्याच्या नावाने आक्रोश करीत तो डोंगराच्या कड्यापाशी गेला आणि उडी घेणार, तोच मल्लिकार्जुनाने प्रगट होऊन त्याला हाताशी धरले. देवाने त्याला तेथे ठेवून घेतले नाही. सोन्नलगीला परत जा आणि त्या भूमीचेच श्रीशैल कर, अशी आज्ञा दिली.

कुदळ आणि जपमाळ

परतलेला सिद्धराम आता मुका राहिला नव्हता. त्याने सोन्नलगीच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्याबरोबरच अष्टविनायक आणि अष्टभैरव यांचीही स्थापना त्यानेच केली, असे सोलापूरची परंपरा मानते. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचे देवालय त्याने आपल्या गावी उभारले. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आवारात प्राचीन मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आजही दिसतात. परंतु देवालये उभारणारे त्या काळात राजेही होते. सिद्धरामाचे वेगळेपण त्याने हाती घेतलेल्या दुसऱ्या कामात आहे. ते काम तळ्याचे.

सोलापूरचा मुलूख अवर्षणाचा. आकाशातले ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आमच्या माथ्यावरून कोरडेच पुढे सरकतात. अशा भूमीत पाणी अडविणे, साठविणे आणि ते माणसाला, जनावराला, पाखराला समान वाटून देणे याहून मोठे पुण्यकर्म कोणते? सिद्धरामाने शेकडो भक्तांना बरोबर घेऊन तळे खणण्यास आरंभ केला. टोपलीतून माती वाहणारा हा योगी होता. त्याने अन्नछत्रे घातली, विहिरी खोदविल्या, गोरगरिबांची लग्ने सामुदायिक रीतीने लावून दिली. ज्याला समाजाने मंदबुद्धी म्हणून गुरांमागे धाडले होते, त्याच्या एका शब्दावर आता गाव कुदळी घेऊन उभे राहत होते.

आज सोलापूरच्या मध्यभागी किल्ल्याला लागून जे सिद्धेश्वर तळे आहे, त्याच्या पाण्यात मध्यभागी सिद्धरामेश्वरांचे मंदिर आहे. भाविक मंदिरात जाण्यासाठी पाण्यावरून जातात. दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्या श्रमाचे दर्शन घडते, मग समाधीचे.

अल्लमप्रभूंची कठोर भेट

येथवर कथा सरळ आहे. परंतु खऱ्या संतांची चरित्रे सरळ नसतात, आणि सिद्धरामेश्वरांच्या चरित्रातील पुढचा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

तळ्याचे काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू सोन्नलगीत आले. अल्लमप्रभू हे शिवशरणांतील सर्वांत प्रखर ज्ञानी. त्यांनी कामावरील लोकांना विचारले, तो तुमचा दगडमातीचे काम करणारा राम कोठे आहे? आपल्या गुरूचा असा अवमान ऐकून लोक संतापले. त्यांनी दगड भिरकावले. परंपरा सांगते की प्रभूंच्या अंगाला एकही दगड लागला नाही. वार्ता सिद्धरामांपर्यंत गेली आणि तेही क्रोधाने तेथे आले. त्यांच्या तृतीय नेत्रातून अग्नी बाहेर पडला आणि तो अल्लमांच्या पायांशी जाऊन विझला.

मग संवाद झाला. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आला आहे. तळे खणणे वाईट, असे प्रभूंचे म्हणणे नव्हते. परंतु तळे मी खणले, देवालय मी उभारले, अन्न मी दिले, हा जो मी कुदळीच्या दांड्याला चिकटून बसला आहे, तो जोवर सुटत नाही तोवर हे सारे पुण्य म्हणजे पाठीवरचे आणखी एक ओझे, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या क्षणी अवमानाने क्रोध आला, त्या क्षणी सेवेच्या आड दडलेला अहंकार उघडा पडला होता.

सत्कर्म करणाऱ्याला कोणी वाईट कर्माबद्दल बोलले तर तो ऐकेल. सत्कर्मातील दोष दाखविला तर तो सहसा ऐकत नाही. सिद्धराम ऐकते झाले. सारा गाव ज्यांना देव मानीत होता, त्यांनी त्या गावासमक्ष मस्तक लवविले. याला आम्ही पराभव मानीत नाही. कड्यावरून उडी घेण्यापेक्षा हे धैर्य मोठे होते.

कल्याणातील दिवस

अल्लमप्रभू त्यांना आपल्यासमवेत कल्याणला घेऊन गेले. हे कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तेथे बिज्जळ राजाच्या दरबारी असलेल्या महात्मा बसवेश्वरांनी अनुभवमंटपाची स्थापना केली होती. बसवेश्वरांनी राजसेवेचा आरंभ मंगळवेढ्यात केला, असे परंपरा मानते. त्यामुळे सोन्नलगीला त्यांचे नाव परके नव्हते. अनुभवमंटपात चांभार, न्हावी, नावाडी, सूत कातणाऱ्या स्त्रिया, राजे आणि ब्राह्मण एकाच आसनावर बसून ईश्वराविषयी बोलत. अक्कमहादेवींसारखी विरक्त योगिनी तेथे आपल्या वाणीने भल्याभल्यांना निरुत्तर करी. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवेश्वर यांच्याकडून सिद्धरामांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली. चन्नबसवेश्वर वयाने त्यांच्याहून लहान होते. पण ज्याचा मी गळून पडला आहे, त्याला गुरूचे वय पाहावे लागत नाही.

पुढे कल्याणवर घोर प्रसंग आला. हरळय्या या चांभार शरणाच्या मुलाचा मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या कन्येशी विवाह झाला. जन्माच्या पायऱ्या मानणाऱ्यांना हे सहन झाले नाही. दोघा पित्यांना देहान्ताची शिक्षा झाली. नगरात क्षोभ उसळला, इ. स. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचा वध झाला आणि शरण दशदिशांना पांगले. अल्लमप्रभू आणि चन्नबसवेश्वर यांच्यानंतर अनुभवमंटपाच्या शून्यपीठाचा मान सिद्धरामांकडे आला, असे वीरशैव परंपरा सांगते. सारी माणसे एका ईश्वराची लेकरे आहेत, हे वाक्य उच्चारणे सोपे असते. त्या वाक्यासाठी रक्त सांडलेले ज्यांनी जवळून पाहिले, त्यांपैकी सिद्धराम होते. तरीही त्यांच्या वाणीत कडवटपणा आला नाही. ते सोन्नलगीला परतले आणि ज्या तळ्याची माती त्यांनी वाहिली होती, त्याच तळ्याच्या सान्निध्यात त्यांनी समाधी घेतली.

वचन : बोलणे आणि गाणे

आता त्यांच्या वाणीकडे वळू. शिवशरणांनी आपला अनुभव ज्या रूपात मांडला त्याला वचन म्हणतात. वचन म्हणजे बोलणे, दिलेला शब्द. त्याला छंदाचे बंधन नाही, अलंकारांचा सोस नाही. चार-सहा ओळींत ते घरगुती भाषेत उलगडते आणि शेवटी कवीच्या इष्टदेवतेच्या नावाची मुद्रा उमटते. सिद्धरामांची मुद्रा कपिलसिद्ध मल्लिकार्जुन अशी आहे. हुरडा खाऊन निघून गेलेला तो पाहुणा त्यांच्या प्रत्येक वचनाच्या अखेरीस असा परत येतो.

त्यांनी हजारो वचने रचली असे सांगितले जाते. आज त्यांपैकी तेराशेहून अधिक उपलब्ध आहेत. शिवाय बसवस्तोत्र त्रिविधी, मिश्रस्तोत्र त्रिविधी आणि अष्टावरणस्तोत्र त्रिविधी अशा त्यांच्या रचना आहेत. त्रिविधी म्हणजे तीन चरणांच्या त्रिपदी छंदातील रचना. आमच्या मराठी मायभगिनींची जात्यावरची ओवी तशी कानडी मुलखातील आयाबायांची त्रिपदी. दळताना, पाळणा हलविताना, शेतात भांगलताना त्या हाच छंद गुणगुणत आल्या आहेत. पंडितांच्या वृत्तांऐवजी शिवयोग्याने बायकांच्या जात्यावरचा छंद स्तुतीसाठी निवडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्त्रीला माया म्हणून दूर लोटणाऱ्या विचाराला त्यांनी आपल्या वाणीतून स्पष्ट नकार दिला आणि स्त्रीच्या ठायी प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुनच पाहिला, हेही येथे सांगितले पाहिजे.

या गाण्याला साज फारसा लागत नाही. एक एकतारी, झांजांची जोडी, फार तर एखादी हार्मोनियम. आवाज चढवावा लागत नाही. गडगडाटी वाद्यांपुढे वचन हरवते. ते दिव्याच्या उजेडात, माणसे जवळ बसलेली असताना उमलते. भूतदया, कष्टाची भाकर, पाणी, माती आणि सर्वांठायी असलेला एकच शिव, हे त्याचे विषय. मोठ्याने सांगण्याचे हे विषय नव्हेतच.

ही वचने आपल्यापर्यंत पोहोचली तीही सहज नव्हे. शेकडो वर्षे ती ताडपत्रांवर, मठांतून आणि घरांतून विखुरलेली होती. विजापूरचे वकील फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी (१८८०–१९६४) यांनी वकिली बाजूस सारून ती पोथ्यापोथ्यांतून गोळा केली. १९२३ साली त्यांचा वचनशास्त्रसार हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पदराला खार लावून त्यांनी छापखाना चालविला आणि आयुष्य या कामी वेचले. दुसरीकडे गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई (निधन १९४४) यांनी, स्वतः दृष्टिहीन असून, अंध आणि अनाथ मुलांना अन्न, निवारा व संगीत दिले. त्यांच्या शिष्यपरंपरेने आणि धारवाडकडील गायकांनी वचनांना रागदारीचा स्वर दिला. मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकलेले पंडित मल्लिकार्जुन मन्सूर (निधन १९९२) ख्यालगायनानंतर वचन आळवीत, तेव्हा कानडी न समजणारे मराठी श्रोतेही स्तब्ध होऊन ऐकत असत.

मराठीलाही हा प्रवाह परका नाही. सोळाव्या शतकात बीडजवळच्या कपिलधार येथील मन्मथस्वामींनी परमरहस्य हा ग्रंथ आणि अभंग मराठीत लिहून वीरशैव भक्ती मराठी घरांत नेली. आणि आपल्याच जिल्ह्यातील अरणचे संत सावता माळी (१२५०–१२९५) यांनी मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. सिद्धरामांच्या हाती कुदळ होती, सावतोबांच्या हाती खुरपे होते. एकाचा देव मल्लिकार्जुन, दुसऱ्याचा पांडुरंग. मधे शंभर-सव्वाशे वर्षांचे अंतर. तरी एकाच मातीने दोघांना सांगितलेले गुज एकच होते.

कुंभारकन्या आणि यात्रा

यात्रेची कथा सर्वांना प्रिय आहे. एक कुंभारकन्या नित्यनेमाने सिद्धरामांच्या तपःस्थानी सडासंमार्जन करून रांगोळी घाली. त्यांच्याशी विवाह व्हावा अशी इच्छा तिने प्रगट केली. सिद्धरामांनी आपले जीवन शिवाला वाहिले होते. त्यांनी तिला झिडकारले नाही. आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली. तो विवाह झाला आणि पुढे ती अग्नीत विलीन झाली. संक्रांतीच्या यात्रेतील विधी म्हणजे याच विवाहाचे प्रतीक. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमतीकट्ट्यावरील अक्षता, मग होमविधी. योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतील भक्त आळीपाळीने तोलून धरतात, आणि त्या मानात निरनिराळ्या समाजांचा वाटा आहे. होमाच्या दिवशी उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य व फळे मांडून पुढील वर्षाच्या पाऊसपाण्याची भाकणूक केली जाते. एका मातीकाम करणाऱ्या मुलीच्या भक्तीचा मान राखण्यासाठी सारे शहर दरवर्षी वऱ्हाडी होते, हे दृश्य आम्हांस फार बोलके वाटते.

विहिरीवरचे काटे

आता एक घरची गोष्ट सांगून हा लेख आटोपता घेतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने लहानपणी पाहिला. १९७३ ची संक्रांत आली तेव्हा मैंदर्गीच्या शिवारात हुरडा नव्हता. कणसेच धरली नव्हती. घरातील कर्ती माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती, मुलांना सुकडी मिळत होती आणि चुलीवर मिलोची लाल भाकरी भाजली जात होती. आमच्या अज्जांच्या वाट्याच्या विहिरीत तळाला थोडे पाणी होते. त्यांच्या धाकट्या भावाशी बांधावरून जुने भांडण. भावाच्या बैलजोडीने पाणी पिऊ नये म्हणून अज्जांनी विहिरीच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले.

भोगीच्या संध्याकाळी आमच्या अव्वा देवापुढे दिवा लावून नेहमीप्रमाणे सिद्धरामांचे गाणे म्हणू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. अज्जांकडे न पाहताच त्यांनी विचारले की, सोन्नलगीचा अज्जा आज आपल्या दारी आला तर तो तुमच्या हाती कुदळ देईल की काटे राखायला बसवील? अज्जा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. अव्वांनी त्या दिवशी गाणे पुरे केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुले विहिरीकडे गेलो. काटे अर्धेच बाजूला ओढलेले होते. एक बैल जाईल एवढीच वाट मोकळी होती. भाऊ भावाशी त्यानंतरही दोन वर्षे बोलला नाही. परंतु त्या उन्हाळ्यात ती जोडी त्या अर्ध्या वाटेने पाण्यावर येत राहिली आणि वाचली. सिद्धरामेश्वरांच्या वाणीने आमच्या घरी चमत्कार केला, असे आम्ही म्हणणार नाही. तिने अर्धे काटे दूर केले. उरलेले अर्धे काढण्याचे काम तिने माणसांकडे सोपविले.

आज त्या अव्वा नाहीत. त्यांचे गाणे आमच्या नातवंडांना ऐकू येते, पण त्यातील निम्मे शब्द कळत नाहीत. घरातील कानडी माजघरातून मागील दारापर्यंत सरकली आहे. याची खंत वाटते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून यंदा आम्ही एक नेम केला आहे. भोगीच्या दिवशी तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे, एक वचन एकतारीवर म्हणावे आणि त्याचा अर्थ मुलांना मराठीत सांगावा. भाषा दोन असल्या तरी पोटात उतरणारा घास एकच असतो, हे आमच्या गावाला शिकवावे लागत नाही. संक्रांतीला मराठी घरात तीळगूळ देऊन गोड बोलण्याची विनवणी होते. कानडी घरातही तीळ आणि गूळ हातावर ठेवून हीच विनवणी करतात.

वाचकहो, यात्रेला जाल तेव्हा नंदीध्वजांना वंदन कराच. परंतु परतताना क्षणभर तळ्याच्या काठी उभे राहा. आठशे वर्षांपूर्वी एका माणसाने टोपली डोक्यावर घेऊन ही माती उपसली. त्याने खणलेल्या पाण्यावर पाखरे आजही उतरतात. आपल्या दाराशी, आपल्या बांधावर, आपल्या विहिरीच्या वाटेवर कोठे काटे पडले आहेत काय, एवढे तेथे आठवावे. श्री सिद्धरामेश्वर सर्वांना ते उचलण्याचे बळ देवोत, हीच या पर्वकाळी आमची प्रार्थना.